मधुमेहातील पायांची निगा

मधुमेहामुळे बधिर झालेल्या किंवा रक्तपुरवठा घटलेल्या पावलांना जखम होऊ नये, आणि झालीच तर ती चिघळू नये, यासाठी रोज करायची देखभाल. साखर बरीच वर्षे वाढलेली राहिली की पायांच्या मज्जातंतूंना इजा होते. आधी मुंग्या येतात, तळवे जळजळतात. पुढे काहींचा हा त्रास कमी होतो आणि पाय बरा झाल्यासारखा वाटतो, पण खरा धोका तेव्हाच असतो. चप्पल पायातून निसटलेली कळत नाही, खिळा रुतला तरी माणूस चालत राहतो. त्यातच रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तर साधे खरचटलेलेही भरून येत नाही.

वेदना ही पायाची राखण आहे, हे वैद्यकाला कुष्ठरोगाने शिकवले. १९४६ पासून वेल्लोरला काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले, की कुष्ठरुग्णांचे पाय झिजतात ते मुख्यतः न जाणवलेल्या दाबामुळे आणि दुर्लक्षित जखमांमुळे. १९६६ मध्ये अमेरिकेत कारव्हिलच्या कुष्ठरोग रुग्णालयात गेल्यावर त्यांनी हाच विचार मधुमेहींच्या पायांना लावला. कुष्ठरुग्णांसाठी वापरात आलेली मऊ एमसीआर (सूक्ष्म छिद्रांच्या) रबराची चप्पल आज मधुमेहींनाही दिली जाते.

निगा राखण्याचे मुख्य काम म्हणजे पाहणे. रोज रात्री तळवे, टाचा आणि बोटांच्या बेचक्या उजेडात तपासाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा. नजर अधू असेल तर घरातल्या कुणीतरी पाहावे, त्यात संकोच कसला? पाय धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात, नाहीतर पावसाळ्यात चिखल्या होतात. भेगांना मलम लावावे, बेचक्यांत मात्र नाही. नखे सरळ कापावीत. भोवरी ब्लेडने कोरू नये, तिच्यावर औषधी पट्टीही चिकटवू नये. त्यातल्या आम्लाने चांगली कातडीही जळते. शेकण्याची पिशवी पायांना लावूच नये. पाणी किती गरम आहे ते कोपराने पाहावे.

अनवाणी चालणे घरातही टाळावे. आपल्याकडे हे सांगणे सोपे नाही. देवळात चप्पल बाहेर राहते आणि उन्हाने तापलेल्या फरशीवर प्रदक्षिणा घालताना बधिर तळव्याला फोड येतो. अशा वेळी जाड मोजे घालावेत किंवा सकाळी लवकर जावे. श्रद्धेला त्याने बाध येत नाही. अंगठ्याच्या चपलेपेक्षा मागे पट्टा असलेली बरी. चप्पल संध्याकाळी घ्यावी, कारण तोवर पाय थोडे सुजलेले असतात. जोडवी रुतत असतील तर काढून ठेवावीत.

वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पाय तपासून घ्यावेत. १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्याला टेकवून स्पर्श कळतो का ते पाहतात, आणि पायाची नाडी चाचपतात. जखम झाल्यास हळद भरून वाट पाहू नये. पाऊल एकाएकी लाल, गरम, सुजलेले दिसले आणि फारसे दुखत नसले, तर ते मुरगळले आहे असे समजून लेप लावत बसू नये. आतली हाडे मोडत असू शकतात. याला शार्को पाऊल म्हणतात. त्यावर भार न देता त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. प्लास्टर उशिरा पडले तर पावलाची कमान कायमची खचते.