शाळकरी मुलांमधलं सायबर बुलिंग

सायबर बुलिंग म्हणजे मोबाईल, चॅट ग्रुप, सोशल मीडिया नाहीतर ऑनलाइन गेममधून एखाद्या मुलाला मुद्दाम, परत परत छळणं. घाणेरडे मेसेज, चिडवायचे मीम, दुसऱ्याच्या नावाने खोटं अकाउंट काढून काहीबाही पोस्ट करणं, खासगी फोटो पसरवणं हे सगळं यात येतं. पण मोठ्यांच्या हमखास नजरेतून सुटतं ते वाळीत टाकणं, म्हणजे एकीला सोडून अख्ख्या वर्गाचा नवा ग्रुप काढायचा आणि दुसऱ्या दिवशी तिच्यासमोर त्यातल्याच गोष्टींवर हसायचं. यात शिवी नसते, दाखवायला मेसेज नसतो, त्यामुळे नक्की काय झालं हे त्या पोरीला सांगताही येत नाही.

नॉर्वेत काम केलेले मानसशास्त्रज्ञ डॅन ओल्वेउस यांनी १९७०च्या दशकापासून शाळेतल्या दादागिरीचा अभ्यास केला. दुखवायचा हेतू, परत परत होणं आणि दोघांच्या ताकदीत फरक, या त्यांच्या तीन खुणा आजही धरल्या जातात. ऑनलाइन मात्र त्या जरा ताणून बघाव्या लागतात, कारण फोटो एकदाच टाकला तरी तो शंभर वेळा फॉरवर्ड होतो, आणि ताकद अंगात नसून कोणाच्या बाजूला किती जण आहेत, कोणाचं नाव लपलंय, कोणाच्या हातात कोणाचा फोटो आहे यात असते. शिवाय समोरच्याचा पडलेला चेहरा दिसत नाही, म्हणून एरवी साधी वाटणारी मुलंही बेफाम लिहून जातात. आणि पूर्वी शाळा सुटली की निदान घरी तरी सुटका व्हायची, आता त्रास उशाशी असतो.

ओळखायचं कसं? नोटिफिकेशन वाजलं की मूल दचकतं, कोणी जवळ आलं की स्क्रीन फिरवतं, सारखं वापरायचं ते अकाउंट अचानक बंद करतं, शाळेच्या दिवशीच सकाळी पोटात दुखतं, झोप उडते, रोज तोंडात असलेलं मैत्रिणीचं नाव एकदम यायचं बंद होतं. यातली एखादी गोष्ट त्या वयात कोणाचीही होते, पण दोन-तीन एकत्र आणि अचानक दिसल्या तर शांतपणे विचारावं.

मुलं सांगत का नाहीत याचं एक मोठं कारण म्हणजे फोन काढून घेतील ही भीती, त्यामुळे 'तुझा फोन काढून घेणार नाही' हे आधीच, काही घडायच्या आत सांगून ठेवलेलं बरं. सांगितलंच तर पूर्ण ऐकावं, 'तू कशाला गेलीस त्या ग्रुपमध्ये' हे वाक्य तर तोंडातून येऊच नये. उलट उत्तर द्यायचं नाही, आधी तारीख, वेळ आणि अकाउंटचं नाव दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यायचे, मगच रिपोर्ट आणि ब्लॉक, कारण घाईत डिलीट केलं की पुरावाच जातो.

अल्पवयीन मुलाचा नग्न फोटो असेल तर मात्र त्याचा स्क्रीनशॉट काढू नये, कोणाला पाठवूही नये, बऱ्याच देशांत तो जवळ ठेवणंसुद्धा गुन्हा आहे. अशा फोटोंसाठी 'टेक इट डाऊन' नावाची मोफत सेवा आहे. फोटो फोनमधून बाहेर जातच नाही, फक्त त्याचा डिजिटल ठसा, म्हणजे तो फोटो ओळखता येईल असा एक कोड, तयार होतो आणि सहभागी प्लॅटफॉर्म त्यावरून तो शोधून काढून टाकतात. धमकी किंवा ब्लॅकमेल असेल तर थेट पोलीस. आणि मूल जीव द्यायच्या गोष्टी बोलत असेल तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टर किंवा हेल्पलाइन गाठा.

समोरच्या आईवडिलांना रागारागाने फोन लावला की प्रकरण बहुतेक वेळा चिघळतंच, म्हणून पुरावे घेऊन वर्गशिक्षक किंवा समुपदेशकाकडे जाणं जास्त बरं. शाळेनेही दोघांना समोरासमोर बसवून 'चला, हात मिळवा' करू नये, ताकद सारखी नसताना दुबळं मूल फक्त मान डोलावतं. बघणाऱ्या मुलांवर खूप काही असतं, एकाने जरी फॉरवर्ड थांबवून त्या मुलीला खासगीत 'मी आहे' असा मेसेज टाकला तरी ती एकटी राहत नाही.

छळणारं मूल आपलंच निघालं तर ते नाकारू नये, आणि मारूही नये. बऱ्याचदा तेच मूल दुसरीकडे त्रास सोसत असतं, ते विचारायचंच, पण केलेलंही त्यालाच निस्तरायला लावायचं, म्हणजे पोस्ट काढायची आणि ज्या ग्रुपमध्ये खोटं पसरवलं त्याच ग्रुपमध्ये ते खोटं होतं असं लिहायचं.