काम नसतानाही जागं राहणारं नेटवर्क

ठाणे-बेलापूर रस्त्यालगत महापे, रबाळे, ऐरोलीच्या औद्योगिक पट्ट्यात आता डेटा सेंटरच्या इमारती दिसतात. समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, बँका आणि शेअर बाजार इथलेच. त्यात पेमेंटची माहिती देशातच साठवा, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल 2018 मध्ये काढला. या केंद्रांच्या विजेचा विषय निघाला की बोलणं सर्व्हर आणि कूलिंगवरच थांबतं. सर्व्हर एकमेकांना जोडणारे स्विच आणि केबल यांच्याकडे कुणी बघत नाही, हे मला फार खटकतं.

काम नसतानाही ही उपकरणं वीज खात राहतात, आणि ही नासाडी नेटवर्कच्या वेगाबरोबर आली. 1990 च्या 10 मेगाबिट इथरनेटमध्ये, म्हणजे संगणक तारेने जोडण्याच्या पद्धतीत, पाठवायला काही नसलं की तार जवळजवळ शांत असे. साधारण दर 16 मिलिसेकंदांनी एक पल्स जायची, लिंक शाबूत आहे एवढं कळवायला. 1995 मध्ये 100 मेगाबिट आलं आणि ही शांतता संपली. दोन्ही टोकांचा ताळमेळ टिकावा म्हणून डेटा नसतानाही सिग्नल अखंड वाहू लागला. गिगाबिटनेही तोच कित्ता गिरवला. त्यामुळे पहाटे तीनला रिकामा पडलेला पोर्टही (केबल जोडायची जागा) जवळजवळ भर दुपारइतकीच वीज ओढतो. ती सगळी शेवटी उष्णता होते, आणि मुंबईच्या दमट हवेत ती बाहेर काढायला आणखी वीज लागते.

नेटवर्कची उपकरणं झोपवता येतील का, हा प्रश्न मारुती गुप्ता आणि सुरेश सिंग यांनी 2003 मध्ये मांडला. पुढे सर्व्हर काटकसर शिकू लागले. जर सर्व्हर कामापुरतीच वीज घेऊ लागले आणि त्यांचा वापर 15 टक्के असला, तर जवळजवळ निम्मी वीज नेटवर्कच खाईल, असा हिशोब 2010 मध्ये समोर आला. त्याच वर्षी रिकाम्या लिंकला डुलकी घेऊ देणारं 802.3एझेड हे इथरनेटचं मानक मंजूर झालं. जागं व्हायला काही मायक्रोसेकंद पुरतात.

तरीही अनेक ठिकाणी ही सोय बंदच ठेवतात. विलंब नको आणि लिंक डाउन झाल्याचा ठपका तर त्याहून नको. 12 ऑक्टोबर 2020 ला ग्रिड कोसळून मुंबई ठप्प झाली होती. अशा शहरात ही भीती मी समजू शकतो. म्हणून प्रत्येक रॅकला दोन स्विच, प्रत्येक सर्व्हरला दोन लिंक, आणि सगळं चोवीस तास चालू. करारात अपटाइम, म्हणजे सेवा किती वेळ चालू राहील हे, लिहिलेला असतो, रिकाम्या पोर्टचे वॅट नसतात. आता फायबर केबल स्विचला जोडणारं 400 गिगाबिटचं एकेक ऑप्टिकल मॉड्यूल 10 वॅटच्या आसपास वीज घेतं, ट्रॅफिक असो वा नसो.