'अप्रूव्ह ॲन्ड रन' बटणामागची भानगड

मागच्या रविवारी धरमपेठेत तर्री पोहे खाता खाता एक ज्युनियर पोरगा तोंड पाडून बसला होता. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी ओपन सोर्स, म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या, प्रोजेक्टला पुल रिक्वेस्ट टाकली, म्हणजे 'माझा बदल घ्या' अशी विनंती, आणि कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या टेस्ट सुरूच झाल्या नाहीत, मेंटेनरने, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, परवानगी दिल्याशिवाय चालणार नाही असा मेसेज आला. "दादा, माझ्या लॅपटॉपवर तर सगळं चालून राहिलं ना, मग यांना भरोसा कायले नाही?" आता हे भरोशाचंच प्रकरण आहे पण याच्या एकट्याचं नाही. ते समजायचं तर एक प्रश्न पकडून मागे जावं लागते: कोड चालवायचा कोणाच्या मशीनवर, आणि लाइट बिल कोणाचं?

सुरुवातीला उत्तर सोपं होतं, जो वापरेल त्याचं. १९८५ मध्ये जीएनयू या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पाचा ईमॅक्स हा एडिटर १५० डॉलरला टेपवर मिळायचा, टेप लावा, स्वतः कंपाइल करा (म्हणजे कोडचा चालणारा प्रोग्राम बनवा), चाललं तर चाललं. प्रत्येक कंपनीचं युनिक्स, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम, वेगळं, आणि लिहिणाऱ्याकडे त्या सगळ्या मशीन कुठून येणार. म्हणून लॅरी वॉलने १८ डिसेंबर १९८७ ला पर्ल ही प्रोग्रामिंगची भाषा सोडली तेव्हा सोबत टेस्टचं फोल्डरच बांधून दिलं, नाव नुसतं 'टी'. टेस्ट आधी सांगणार आपण एकूण किती आहोत, मग दरेकीची एक ओळ, 'ओके' नाहीतर 'नॉट ओके', बस. ही पद्धत टॅप नावाने अजूनही चालू आहे. पुढे १९९८ पासून सीपॅनवर, म्हणजे पर्लच्या तयार कोडच्या भांडारावर, लोक दुसऱ्यांची मॉड्यूलं आपापल्या मशीनवर चालवून रिपोर्ट पाठवायला लागले, फुकट, कोणी सांगितलं नसताना. पोस्टग्रेस या डेटाबेसवाल्यांनी २००४ मध्ये हेच जरा शिस्तीत बसवलं, बिल्डफार्म म्हणतात त्याला, कोणाच्या घरी पडलेलं जुनं खटारं असो की ऑफिसातला सर्व्हर, त्याला एका प्राण्याचं नाव मिळते आणि तो रात्रंदिवस ताजा कोड ओढून चालवत बसतो.

मोझिलाची गोष्ट तर नागपूरकराने ऐकलीच पाहिजे. नेटस्केपने मार्च १९९८ मध्ये ब्राउजरचा कोड खुला केला, तोच मोझिला प्रोजेक्ट, त्यासोबत टिंडरबॉक्स नावाचं एक पान आलं, दर मशीनला एक उभी पट्टी. हिरवी म्हणजे ठीक, लाल म्हणजे बिल्डच जळलं (कोडचा प्रोग्रामच बनला नाही), आणि बिल्ड झालं पण टेस्ट पडल्या तर ऑरेंज! ज्या टेस्ट कधी पास कधी फेल, काही कारण नाही काही नाही, त्यांना तिथले लोक सरळ 'ऑरेंज'च म्हणायला लागले आणि त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली तिचं नाव 'वॉर ऑन ऑरेंज'. आपल्या गावात असं नाव ठेवलं असतं तर बागायतदार मोर्चा घेऊन आले असते.

मधला हडसन-जेनकिन्सचा काळ मी पटकन ओलांडतो. सन कंपनीतल्या कोसुके कावागुचीने स्वतःच बिल्ड मोडत राहतो म्हणून २००४ मध्ये हडसन (बिल्ड आणि टेस्ट आपोआप चालवणारं टूल) लिहायला घेतला, सन विकत घेणाऱ्या ओरॅकलशी नावावरून वाजलं आणि २०११ मध्ये तो जेनकिन्स झाला. चांगलं टूल, पण मशीन तुम्हीच आणायची.

खरा बदल त्याच वर्षी बर्लिनच्या ट्रॅव्हिस नावाच्या ऑनलाइन टेस्ट-सेवेने केला. ओपन सोर्स असेल तर टेस्ट आमच्या मशीनवर, पैसे नको. आता कोणाला यात विशेष वाटणार नाही, पण मी तोपर्यंत बर्डीवरून घेतलेल्या सेकंडहँड पीसीवर रात्री टेस्ट लावून झोपायचो, मे महिन्यात ४५ डिग्री, कूलर पीसीकडे तोंड करून, आणि पहाटे चारला लाइन गेली की सगळं परत पहिल्यापासून. कोड ढकलला आणि तिकडे कुठेतरी कोणाची तरी मशीन घासते, मी पंख्याखाली, हे मला चोरीच केल्यासारखं वाटायचं.

चोरीवाले यायचेच होते. टेस्ट चालवणे म्हणजे शेवटी अनोळखी माणसाचा प्रोग्राम आपल्या मशीनवर चालवणे, त्यात टेस्टच असेल असं कुठे लिहिलंय? लोकांनी क्रिप्टोचे मायनर, म्हणजे दुसऱ्याच्या मशीनवर आभासी नाणी कमावणारे प्रोग्राम, घुसवले. ट्रॅव्हिसने नोव्हेंबर २०२० मध्ये फुकटाला लगाम लावला त्याच्या कारणांत हे एक होतं. तोपर्यंत गर्दी गिटहब या कोड ठेवायच्या साइटच्या 'ॲक्शन्स' या तशाच सेवेकडे वळली होती, तर मायनरवालेही तिकडे. युक्ती काय, तर प्रोजेक्टचा फोर्क, म्हणजे आपली वेगळी कॉपी, करायचा, वर्कफ्लोची (काय काय चालवायचं ते सांगणारी) फाइल बदलायची, पुल रिक्वेस्ट उघडायची. मर्ज व्हायची, म्हणजे बदल स्वीकारला जायची, गरजच नाही, उघडली की मशीन सुरू. मग एप्रिल २०२१ मध्ये गिटहबने ते बटण आणलं, पहिल्यांदा येणाऱ्याचा कोड मेंटेनरने हो म्हटल्यावरच चालेल. आमचा पोरगा ज्याच्यावर रुसला ते हेच.

आता बटणाने सगळं थांबते असं नाही. २०२४ चं एक्सझेड या कॉम्प्रेशनच्या, म्हणजे फाइली दाबून लहान करणाऱ्या, प्रोजेक्टचं प्रकरण घ्या, त्यात तर माणूस नवखा नव्हताच, दोन वर्षांहून जास्त काळ गोड बोलून, पॅच देऊन मेंटेनर झाला होता. आणि त्याने माल लपवला कुठे, तर टेस्टच्याच फाइलींत! कॉम्प्रेशनच्या प्रोजेक्टमध्ये मुद्दाम बिघडवलेल्या बायनरी फाइली टेस्टसाठी ठेवतातच, उघडून कोण बघते. बिल्ड होताना त्यातून बॅकडोर, म्हणजे मशीनमध्ये शिरायची चोरवाट, बाहेर यायचा. सापडला तोही कुठल्या टेस्टने नाही, आंद्रेस फ्रॉइंड नावाचा पोस्टग्रेसवाला आपलं बेंचमार्किंग, म्हणजे वेग मोजणं, करत होता, एसएसएच लॉगिनला (दूरच्या मशीनवर शिरायला) अर्धा सेकंद जास्त लागतो म्हणून तो मागेच लागला, आणि २९ मार्चला जगाला सांगितलं. अर्धा सेकंद! आपण तर लाइनवर किंवा बीएसएनएलवर ढकलून मोकळे झालो असतो.

हे सगळं पोराला सांगितलं, अर्धं त्याने मोबाइल बघत ऐकलं. मंगळवारी रात्री कोणीतरी बटण दाबलं. लिनक्सवर हिरवं, मॅकवर हिरवं, विंडोजवर लाल, फाइलच्या पाथमधला स्लॅश उलटा. लगेच मेसेज आला, "दादा, तुमच्याकडे विंडोजची मशीन आहे का?"

आहे म्हटलं, ये, चार्जर घेऊन येजो.