बूटेबल पेनड्राइव्ह: सॉफ्टवेअर निवडण्याआधी आयएसओ ओळखा

नवीन ऑपरेटिंग सिस्टीम टाकायची म्हणून आयएसओ फाइल, म्हणजे इन्स्टॉलरच्या अख्ख्या सीडीची एका फाइलमध्ये बांधलेली प्रत, डाउनलोड करायची, इतर कुठल्याही फाइलसारखी पेनड्राइव्हवर कॉपी करायची, कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा, आणि स्क्रीनवर 'बूट डिव्हाइस सापडलं नाही' असा संदेश पाहायचा, हा अनुभव बऱ्याच जणांच्या गाठीशी असतो. मग शोध सुरू होतो पेनड्राइव्ह बूटेबल करणाऱ्या, म्हणजे त्यावरून कॉम्प्युटर सुरू होईल असा बनवणाऱ्या, सॉफ्टवेअरचा. रूफस, एचर, व्हेंटॉय, यूनेटबूटिन अशी नावं समोर येतात आणि प्रत्येकाचे पाठीराखे आपलंच नाव पुढे करतात. खरं तर ही सॉफ्टवेअर्स एकच काम कमी-जास्त चांगलं करतात असं नाही. त्यांची कामं मुळातच वेगवेगळी आहेत. कोणतं निवडायचं हे तुमच्या आयएसओच्या पोटात काय आहे आणि तुमचा कॉम्प्युटर सुरू होताना काय शोधतो, यावर ठरतं.

बायोस म्हणजे कॉम्प्युटर चालू होताच सर्वांत आधी चालणारा, त्यातच बसवलेला प्रोग्राम. जुन्या बायोस पद्धतीचा कॉम्प्युटर सुरू होताना फाइल, फोल्डर यांतलं काहीच ओळखत नाही. तो डिस्कचा अगदी पहिला सेक्टर, म्हणजे फक्त ५१२ बाइट, मेमरीत उचलतो. त्यातले ४४६ बाइट प्रोग्रामसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन बाइट खुणेसाठी. हेक्साडेसिमल आकड्यांत ही खूण ५५ आणि एए अशी दिसते. अनेक बायोस ती खूण नसेल तर डिस्ककडे ढुंकूनही पाहत नाहीत. असेल तर त्या ४४६ बाइटांतला प्रोग्राम चालवतात आणि पुढची सगळी जबाबदारी त्याच्यावर सोपवतात. आयएसओ नुसती कॉपी केली की ती पेनड्राइव्हवर कुठेतरी एक फाइल म्हणून पडून राहते आणि पहिल्या सेक्टरमध्ये तिला सुरू करणारं काहीच नसतं.

गेल्या दशकभरातल्या बहुतेक कॉम्प्युटरांत बायोसच्या जागी यूईएफआय आहे आणि ते बरंच शहाणं आहे. त्याला फॅट ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइल्स मांडण्याची एक पद्धत, वाचता येते. पेनड्राइव्हवर ईएफआय नावाचा फोल्डर, त्यात बूट नावाचा फोल्डर आणि त्यात ठरलेल्या नावाची एक फाइल सापडली की ते ती चालवतं. त्यामुळे फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर आयएसओच्या आतल्या सगळ्या फाइल्स बाहेर काढून कॉपी केल्या, तर अशा कॉम्प्युटरवर बऱ्याचदा कोणत्याही खास सॉफ्टवेअरशिवाय काम होऊन जातं. अडचण एकच, पण मोठी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही आणि विंडोजच्या आयएसओमधली इन्स्टॉल डॉट विम ही मुख्य फाइल हल्ली ती मर्यादा सहज ओलांडते.

आता आयएसओकडे वळू. हा साचा मुळात सीडीसाठी घडवला गेला. आयएसओ ९६६० हे मानक १९८८ सालचं आहे. सीडीवरून कॉम्प्युटर बूट व्हावा म्हणून एल टोरिटो नावाची पद्धत नव्वदच्या दशकाच्या मध्यात आली. सीडीचा सेक्टर २०४८ बाइटांचा, तर बायोसच्या दृष्टीने पेनड्राइव्ह म्हणजे ५१२ बाइटांच्या सेक्टरची हार्ड डिस्क. म्हणूनच सीडीवरून छान बूट होणारी आयएसओ जशीच्या तशी पेनड्राइव्हवर उतरवली तर चालत नसे.

इथे एक फार देखणी युक्ती कामाला आली. आयएसओ ९६६० ने सुरुवातीचे ३२ केबी मोकळे ठेवले आहेत आणि सीडी वाचणारे त्या जागेला हात लावत नाहीत. सिसलिनक्स या बूटलोडरच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करून देणाऱ्या छोट्या प्रोग्रामच्या, मंडळींनी नेमक्या त्याच जागेत हार्ड डिस्कला लागणारा पहिला सेक्टर, पार्टिशन तक्त्यासकट, बसवला. सीडीवर टाकली तर सीडी आणि पेनड्राइव्हवर उतरवली तर हार्ड डिस्क, अशी दुहेरी फाइल तयार झाली. तिला आयसोहायब्रिड म्हणतात. उबंटू, फेडोरा, डेबियन अशा प्रमुख लिनक्स वितरणांच्या (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांच्या) आयएसओ आज अशाच दुहेरी असतात. विंडोजच्या आयएसओमध्ये ही सोय नाही. सॉफ्टवेअरच्या निवडीतला निम्मा गोंधळ या एका फरकातून येतो.

एचर हे आयएसओ बाइटला बाइट लावून पेनड्राइव्हवर उतरवतं. युनिक्समधली जुनी डीडी कमांडही तेच करते. लिनक्सच्या दुहेरी आयएसओसाठी हा सर्वांत सरळ मार्ग आहे, कारण वितरण बनवणाऱ्यांनी जे तपासून दिलं तेच जसंच्या तसं तुमच्या पेनड्राइव्हवर येतं. एचर लिहून झाल्यावर सगळं परत वाचून पडताळतं, आणि स्वस्तातल्या पेनड्राइव्हच्या बाबतीत ही पडताळणी मला फार मोलाची वाटते. मात्र विंडोजची आयएसओ दिली की एचर पार्टिशन तक्ता नसल्याचा इशारा देतं. तो इशारा खरा असतो. तिथे पुढे रेटण्यात अर्थ नाही. डीडीबद्दल एवढंच सांगतो की ही कमांड काही विचारत नाही. डिस्कच्या नावात एका अक्षराची गफलत झाली तर पेनड्राइव्हऐवजी तुमची मुख्य डिस्क पुसली जाईल. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

रूफसची रीत निराळी. ते पेनड्राइव्ह नव्याने फॉरमॅट करतं, आयएसओ उलगडून आतल्या फाइल्स त्यावर मांडतं आणि बूटलोडर स्वतः बसवतं. विंडोजच्या मोठ्या फाइलचा प्रश्न ते असा सोडवतं: मुख्य पार्टिशन मोठ्या फाइल्स मावणाऱ्या एनटीएफएस या फाइल सिस्टीमचं ठेवायचं आणि शेजारी एक इवलंसं फॅट पार्टिशन करून त्यात एनटीएफएस वाचणारा ड्रायव्हर ठेवायचा. यूईएफआय आधी त्या छोट्या पार्टिशनवर जातं आणि तिथून मोठ्यावर. लिनक्सची दुहेरी आयएसओ दिली तर रूफस विचारतं, आयएसओ मोडमध्ये (फाइल्स उलगडून) लिहू की डीडी मोडमध्ये (बाइटला बाइट)? आधी आयएसओ मोड घ्या. त्याने पेनड्राइव्ह बूट झाला नाही तर डीडी मोड. पार्टिशन स्कीमच्या, म्हणजे पार्टिशन तक्त्याच्या प्रकाराच्या, रकान्यात नव्या कॉम्प्युटरसाठी जीपीटी, जुन्या बायोससाठी एमबीआर. रूफस फक्त विंडोजवर चालतं, पण विंडोजचा इन्स्टॉलर बनवायला मला त्याहून भरवशाचं दुसरं काही वाटत नाही. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूलही चांगलं आहे, फक्त त्यात निवडीला वाव कमी.

२०२० साली आलेल्या व्हेंटॉयने तिसरीच वाट धरली. ते पेनड्राइव्हवर एकदाच बसवायचं. मग एका मोठ्या पार्टिशनमध्ये आयएसओ फाइल्स चक्क कॉपी-पेस्ट करत जायच्या, हव्या तितक्या. कॉम्प्युटर सुरू केला की मेनूमध्ये त्यांची यादी दिसते. ऐकायला हे सोपं वाटतं, पण आतलं काम अवघड आहे. लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्या सिस्टीमचा गाभा, सुरू झाल्यावर तो आपली सीडी शोधू लागतो आणि ती सीडी तर आता दुसऱ्याच फाइल सिस्टीममधली एक फाइल असते. ती फाइल म्हणजेच डिस्क आहे हे कर्नलला पटवण्यासाठी व्हेंटॉयला सुरुवातीच्याच टप्प्यावर मध्ये पडावं लागतं. त्यामुळे एखादी वेगळ्या धाटणीची आयएसओ त्यावर अडू शकते. सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलाच प्रोग्राम बूट होऊ देणारी यूईएफआयची सोय, चालू असेल तर पहिल्या वेळी व्हेंटॉयची की त्या कॉम्प्युटरमध्ये नोंदवावीही लागते. अनेक कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या माणसाने व्हेंटॉय जवळ ठेवावंच. एकदाच एक सिस्टीम टाकायची असेल तर एवढा पसारा कशाला?

सॉफ्टवेअर कोणतंही घ्या, आयएसओची पडताळणी टाळू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये लिनक्स मिंटच्या वेबसाइटमध्ये घुसखोरी झाली आणि डाउनलोडची लिंक छुपं दार असलेल्या आयएसओकडे वळवली गेली. तेव्हा ज्यांनी फाइलचा चेकसम, म्हणजे तिच्यातल्या मजकुरावरून काढलेला ओळखीचा आकडा, खऱ्या आकड्याशी ताडून पाहिला त्यांना फरक लगेच कळला. विंडोजमध्ये सर्टयूटिल आणि लिनक्समध्ये एसएचए२५६सम या कमांडने हे काम एका ओळीत होतं. आलेला लांबलचक आकडा अधिकृत आकड्याशी शेवटपर्यंत जुळला पाहिजे. वितरणाने डिजिटल सही दिली असेल तर तीही तपासा, कारण वेबसाइटच ताब्यात घेणारा चेकसमही बदलू शकतो. बूटेबल करणारं सॉफ्टवेअरही त्याच्या मूळ वेबसाइटवरूनच घ्या. अशी प्रसिद्ध नावं वापरून सजवलेली नकली पानं असतात.

काम झाल्यावर पुष्कळांना धास्ती बसते ती वेगळ्याच गोष्टीची. ३२ जीबीचा पेनड्राइव्ह विंडोजमध्ये काही एमबीचाच दिसू लागतो किंवा 'फॉरमॅट करा' असा आग्रह सुरू होतो. पेनड्राइव्ह खराब झालेला नसतो. आयएसओसोबत तिचा पार्टिशन तक्ताही उतरलेला असतो आणि विंडोजला त्यातलं छोटं फॅट पार्टिशन तेवढं वाचता येतं. बूटेबल म्हणून वापरायचा असेल तोवर फॉरमॅटला नकार द्या. नंतर रूफसमध्ये 'नॉन बूटेबल' निवडून पेनड्राइव्ह फॉरमॅट केला, किंवा विंडोजच्या डिस्कपार्ट या कमांडमध्ये योग्य डिस्क निवडून क्लीन कमांड दिली आणि नवं पार्टिशन केलं, की पूर्ण ३२ जीबी परत मिळतात.