बोटाखालचे चार मिलिमीटर

मेकॅनिकल कीबोर्डच्या कळेखाली बसणारा चेरी एमएक्स रेड हा स्विच घ्या. पूर्ण दाबल्यावर त्याची कळ 4 मिलिमीटर खाली जाते, पण अक्षर उमटतं ते साधारण 2 मिलिमीटरवरच. त्यासाठी लागणारा जोर 45 सेंटिन्यूटन, म्हणजे बोटावर जेमतेम 46 ग्रॅम वजन. उरलेलं अंतर, कळ तळाला आपटल्याचा आवाज, आतल्या दांडीचं घासणं, यातलं काहीही संगणकापर्यंत पोचत नाही. त्याला स्वस्तातल्या कीबोर्डवरचा ‘क’ आणि हाताने जुळवलेल्या कीबोर्डवरचा ‘क’ सारखाच. कस्टम मेकॅनिकल कीबोर्ड बांधणारे आपला बहुतेक वेळ आणि पैसा खर्च करतात तो संगणकाला न कळणाऱ्या या भागावर. मला हा छंद मनापासून आवडतो तो त्यासाठीच. बोटाला आणि कानाला जे जाणवतं त्या प्रत्येक गोष्टीला भौतिक कारण असतं, आणि ते आपल्या हाताने बदलता येतं.

नेहमीच्या कीबोर्डमध्ये कळेखाली रबराची घुमटी असते आणि तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पडदे. घुमटी दबली की पडद्यांवरचे वाहक पट्टे एकमेकांना टेकतात. मेकॅनिकल कीबोर्डमध्ये मात्र प्रत्येक कळेला स्वतंत्र स्विच असतो. वरचं आणि खालचं कवच, मधे सरकणारी दांडी म्हणजे स्टेम, स्प्रिंग आणि धातूची पातळ पाती. स्टेमला दोन छोटे पाय असतात. स्टेम वर असताना ते पातीला मागे ढकलून धरतात, खाली गेला की पाती सुटते आणि समोरच्या संपर्काला टेकते. पायांचा उतार सरळ असेल तर स्विच लिनियर, म्हणजे खालपर्यंत एकसारखा. उतारावर उंचवटा असेल तर टॅक्टाइल, वाटेत बोटाला अडथळा जाणवणारा. मुद्दाम ‘टिक’ आवाज काढणारे ते क्लिकी. चेरीच्या पेटंटची मुदत संपल्यावर गेटरॉन, काइल अशा कंपन्यांनी त्याच मापाचे स्विच काढले. वेगवेगळ्या स्विचचे सुटे भाग एकत्र करून नवाच स्विच बनवण्याचा उद्योगही हौशी मंडळींनी सुरू केला.

नवा लिनियर स्विच कानाजवळ धरून अगदी हळू दाबून पाहा. बारीक खरखर ऐकू येते. प्लॅस्टिकवर प्लॅस्टिक घासताना स्थिर घर्षण गतिज घर्षणापेक्षा जास्त असतं, म्हणून स्टेम क्षणभर अडकतो, सुटतो, पुन्हा अडकतो. जड कपाट फरशीवरून ओढताना जे होतं तेच इथे फार लहान प्रमाणात होतं. ही थरथर कवचातून प्लेटमध्ये, म्हणजे सगळे स्विच ज्या पातळ फळीत बसवलेले असतात तिच्यात, जाते आणि प्लेट ती मोठी करून ऐकवते. यावर उपाय म्हणजे ल्युब करणं. स्विच उघडायचा, बारीक ब्रशने खालच्या कवचातल्या दोन खाचांना आणि स्टेमच्या बाजूंना ग्रीसचा पातळ थर द्यायचा. लिनियर स्विचसाठी क्रायटॉक्स 205 ग्रेड 0 हे नाव सर्वांच्या तोंडी असतं. फ्लोरिनयुक्त तेलात टेफ्लॉनच्या जातीची पूड मिसळून ते बनतं, आणि ते प्लॅस्टिकला खात नाही. थर इतका पातळ हवा की तिरप्या उजेडात नुसती ओलसर चमक दिसावी. पांढरं ग्रीस साचलेलं दिसलं तर जास्त झालं. कळ आळसावून वर येते. टॅक्टाइल स्विचमध्ये स्टेमच्या पायांना ग्रीस शक्यतो लावू नये, उंचवटा बोथट होतो. स्प्रिंगची किणकिण तिच्या वेटोळ्यांच्या कंपनातून येते, तिला पातळ तेलाचा थेंब पुरतो. संपूर्ण कीबोर्डचे स्विच असे करायचे तर काही संध्याकाळी जातात, आणि माझ्या मते या छंदातल्या सर्वांत सुखाच्या संध्याकाळी त्याच.

तरीही नवख्याने आधी लक्ष द्यावं ते स्टॅबिलायझरकडे, म्हणजे लांब कळ सपाट ठेवणाऱ्या तारेच्या जोडणीकडे. स्पेसबार साधारण 119 मिलिमीटर लांब असतो. टोकाशी दाबला तर तो तिरका व्हायला हवा, पण दोन्ही बाजू एका वाकवलेल्या तारेने जोडलेल्या असतात म्हणून सपाट खाली जातो. तारेची टोकं प्लॅस्टिकच्या खोबणीत थोडी सैल बसतात, खडखड येते ती तिथून. तार आरशावर ठेवून एका टोकाला टिचकी मारायची. ती डुगडुगली तर पिळलेली आहे, हलक्या हाताने सरळ करायची. मग टोकांना घट्ट ग्रीस. महागड्या केसमध्येही, म्हणजे कीबोर्डच्या बाहेरच्या पेटीतही, खडखडणारा स्पेसबार साऱ्या कीबोर्डची शोभा घालवतो.

आवाजाचा पोत ठरवण्यात प्लेटचाही वाटा असतो. अॅल्युमिनियमचा यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचं माप, सुमारे 70 गिगापास्कल, पॉलिकार्बोनेटचा 2.4 च्या आसपास. तेवढ्याच जाडीची पॉलिकार्बोनेटची प्लेट जवळजवळ तीसपट सहज वाकते आणि कंपनं जिरवते, म्हणून आवाज खोल आणि मऊ येतो. अॅल्युमिनियम आणि पितळ तीक्ष्ण, टणक आवाज देतात. केसमधल्या पोकळीत फोम घातला की घुमणं कमी होतं, पण ठासून भरला तर सगळंच निर्जीव वाटतं. माझा कौल कमी फोमला.

विजेची बाजू सोपी आणि सुंदर आहे. 104 कळांना 104 तारा लागत नाहीत. 6 आडव्या आणि 18 उभ्या ओळींचं जाळं केलं तर 24 तारांत 108 जागा मिळतात, आणि मायक्रोकंट्रोलर, म्हणजे कीबोर्डमधली छोटी संगणकीय चिप, एकेक ओळ क्रमाने तपासत राहतो. आयताच्या तीन कोपऱ्यांवरच्या कळा एकदम दाबल्या तर चौथीही दाबल्याचा भास होऊ शकतो. म्हणून प्रत्येक कळेला एक डायोड, प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा. शिवाय धातूची पाती टेकताना क्षणभर उसळते, एका दाबात अनेक दाब दिसतात. क्यूएमके हे मुक्त फर्मवेअर, म्हणजे कीबोर्डच्या चिपवर चालणारा प्रोग्राम, त्यासाठी मुळात 5 मिलिसेकंदांची सवड धरून चालतं. तेच वापरून कोणती कळ काय करेल हेही ठरवता येतं.

आता खरेदी. कीकॅप, म्हणजे कळेवरच्या टोप्या, एबीएस किंवा पीबीटी या प्लॅस्टिकच्या. एबीएस बोटांच्या घासण्याने गुळगुळीत होऊन चमकू लागतं. पीबीटी जास्त टिकतं, पण साच्यात थंड होताना अधिक आकसतं, त्यामुळे लांब स्पेसबार वाकडा निघण्याचा धोका असतो. दोन रंगांचं प्लॅस्टिक एकावर एक ओतून केलेल्या डबलशॉट कीकॅपवरची अक्षरं पुसली जात नाहीत, मात्र त्यांचे साचे महाग. म्हणून अशा संचांची अनेकदा ‘ग्रुप बाय’ होते: ठरावीक संख्येने लोक आगाऊ पैसे भरतात, मग उत्पादन सुरू होतं, आणि माल यायला कित्येक महिने लागतात, कधी वर्षही उलटतं. मधल्या काळात विक्रेता बुडाला तर पैसेही बुडतात. पहिला कीबोर्ड तयार मालातून आणि हॉट-स्वॅप पीसीबीवर, म्हणजे विजेच्या जोडण्यांच्या छापील बोर्डावर, बांधावा. त्यात स्विच सॉकेटमध्ये नुसता दाबून बसतो, सोल्डरिंग लागत नाही.

पीसीबी हातात आली की काहीही जोडण्याआधी ती संगणकाला लावा आणि धातूच्या चिमट्याने प्रत्येक सॉकेटचे दोन संपर्क क्षणभर जोडून पाहा. पडद्यावर प्रत्येक वेळी अक्षर यायला हवं. स्विच बसवताना दोन्ही पिना सरळ आहेत ना ते पाहून तो उभा दाबा, खालून सॉकेटला बोटाचा आधार द्या. आधार नसेल तर सॉकेट पीसीबीपासून उखडू शकतं. एखादी कळ चालली नाही तर आधी तो स्विच काढून बघा, बहुतेक वेळा एक पिन त्याच्याखाली वाकून दुमडलेली सापडते.