त्रिशंकू पुणे सोडून चाललाय

पुण्यातून त्रिशंकू (इंग्रजीत सदर्न क्रॉस) हा तारकासमूह दिसतो म्हटलं की बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या झेंड्यावरचे तारे इथे कुठून? पण मेच्या मध्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास सिंहगडावरून बरोबर दक्षिणेला बघा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजालगत चार ताऱ्यांची छोटी चौकट दिसते. तिच्यातला सर्वांत खालचा आणि सर्वांत तेजस्वी तारा जेमतेम आठ अंश वर असतो. हात लांब करून मूठ धरली तर ती साधारण दहा अंश झाकते, यावरून अंदाज येईल. शहरातून मात्र नाद सोडलेला बरा; इमारती आणि धुरकट हवा त्याला गिळून टाकतात.

पाच हजार वर्षांपूर्वी याच जागेवरून कुणी पाहिलं असतं, तर तोच तारा सुमारे 33 अंशांवर, आजच्या चौपट उंचीवर दिसला असता. आणखी सोळा-सतराशे वर्षांनी तो पुण्याच्या क्षितिजावर येणारच नाही. दक्षिणेचाच अगस्त्य तारा बराच काळ साथ देईल, तरी आठेक हजार वर्षांनी तोही जाईल.

तारे जागचे फारसे हलत नाहीत, हलतो तो पृथ्वीचा अक्ष. विषुववृत्तापाशी पृथ्वी फुगलेली आहे. तिथला व्यास ध्रुवांमधल्या व्यासापेक्षा 43 किलोमीटरने जास्त. सूर्य आणि चंद्र हा फुगवटा ओढून कललेला अक्ष सरळ करू पाहतात. पण फिरती वस्तू अशी सरळ होत नाही. अक्षाचा कल साधारण तेवढाच राहतो, फक्त त्याची दिशा भोवऱ्यासारखी घुमते. एका फेरीला सुमारे 25,800 वर्षं लागतात, म्हणजे 72 वर्षांत एक अंश. हेच परांचन. आजचा ध्रुवतारासुद्धा तात्पुरताच. बारा हजार वर्षांनी ध्रुवाजवळचा ठळक तारा अभिजित असेल.

कृत्तिका हा तारकापुंज पूर्व दिशेपासून ढळत नाही, असं शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात म्हटलं आहे. आज पुण्यातून पाहिलं तर हे साफ चुकीचं ठरतं: कृत्तिका पूर्वेच्या 25 अंश उत्तरेला उगवतात. हे विधान खरं कधी होतं, याचं गणित शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी मांडलं. पुण्यातल्या ट्रेनिंग कॉलेजात शिकलेल्या या शिक्षकाचा ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा ग्रंथ 1896 मध्ये निघाला. उत्तर आलं सुमारे इ.स.पूर्व 3000. त्यावरून शतपथ ब्राह्मणाचा काळ ठरवावा की ते जुनं ऐकीव वाक्य मानावं, हा वाद वेगळा. आकाशाचं गणित मात्र चोख आहे.

एवढ्या लांबच्या काळात जायचं नसेल तर पंचांग उघडा. आपली संक्रांत ताऱ्यांवरून ठरते आणि इंग्रजी कॅलेंडर ऋतूंवरून. दोन्ही वर्षांत वीस मिनिटांचा फरक पडतो, त्यामुळे संक्रांत दर सत्तर-एक वर्षांनी एक दिवस पुढे जाते. विवेकानंदांचा जन्म 12 जानेवारी 1863 चा, आणि तो संक्रांतीचा दिवस होता. पानिपतची लढाई 14 जानेवारी 1761 ला झाली म्हणून ती संक्रांतीला झाली असं सर्रास सांगितलं जातं. त्या वर्षी संक्रांत 10 जानेवारीच्या आसपासच होऊन गेली होती.

हाच घोळ मृगाचा. सूर्य मृगात शिरतो ती तारीख आज 7-8 जून, आणि पेरणीचा हिशेब त्यावर बसला आहे. पण पाऊस ऋतूंबरोबर चालतो, ताऱ्यांबरोबर नाही. दोन हजार वर्षांनी मृग लागायला जुलैचा पहिला आठवडा उजाडेल. पाऊस आजच्याच वेळेला येत राहिला असं धरलं, तर तेव्हाच्या शेतकऱ्याला कृत्तिका लागल्या की पेरणीची पाभर बाहेर काढावी लागेल.