प्रदूषणाच्या तक्रारीमागची ६० दिवसांची अट

सांडपाणी, धूर किंवा दुर्गंधीबद्दल राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे कोणालाही अर्ज देता येतो. त्या अर्जावर मंडळ ढिम्म राहिलं, तर मात्र १९८६ पर्यंत नागरिकाच्या हाती फारसं काही नव्हतं. सार्वजनिक उपद्रव म्हणून दंडाधिकाऱ्याकडे जाण्याची वाट इंग्रजांच्या काळापासून होती. मध्य प्रदेशातल्या रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध तीच धरली आणि पैसे नाहीत ही नगरपालिकेची सबब सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये फेटाळली. पण १९७४ च्या जल कायद्याने आणि १९८१ च्या हवा कायद्याने फौजदारी खटल्याची किल्ली मंडळाकडेच ठेवली होती. मंडळाची फिर्याद किंवा लेखी मंजुरी नसेल, तर न्यायालय दखलच घेत नसे.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर, १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने ही कोंडी फोडली. कलम १९ नुसार नागरिकाला स्वतः फिर्याद करता येऊ लागली, फक्त आधी सरकारला किंवा त्याने नेमलेल्या यंत्रणेला किमान ६० दिवसांची नोटीस द्यायची. जल आणि हवा कायद्यांतही १९८७-८८ च्या दुरुस्त्यांनी हीच तरतूद आली.

वाद आहे तो या ६० दिवसांवर. यंत्रणेला कारवाईची संधी मिळावी आणि खोडसाळ फिर्यादींना आळा बसावा, ही बाजू चुकीची नाही. पण रात्री नाल्यात सोडलेलं रसायन दोन महिने तिथे थांबत नाही. नोटिशीच्या ठरावीक नमुन्यात छायाचित्रं, तांत्रिक अहवाल, परिसरातल्या आरोग्याचा अहवाल असे पुरावे मागितले आहेत. नागरिक फोटो काढेल, पण पाण्याचं काय? गावकऱ्याने बाटलीत भरून आणलेलं पाणी कायद्याच्या दृष्टीने तपासणीचा नमुना ठरत नाही. जल कायद्याप्रमाणे नमुना अधिकाऱ्यानेच घ्यायचा, तिथल्या तिथे कारखानदाराला तपासणीची नोटीस द्यायची, त्याच्या मागणीनुसार नमुन्याचे दोन भाग करून सील लावायचं. थोडक्यात, फिर्यादीचा हक्क नागरिकाला मिळाला आणि पुरावा मंडळाच्या कपाटात राहिला. मागणी केल्यास मंडळाने आपल्याकडचे अहवाल फिर्यादीला द्यावेत, असं जल आणि हवा कायदे सांगतात. ही ओळ अर्जदारांनी जरूर वापरावी. पण सार्वजनिक हिताचं कारण देऊन मंडळ हे अहवाल नाकारूही शकतं.

२०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, म्हणजे पर्यावरणाच्या वादांसाठीचं खास न्यायपीठ, आलं. तिथे ही नोटीस लागत नाही, पण घड्याळ उलटं चालतं: वादाचं कारण घडल्यापासून सहा महिन्यांत अर्ज हवा, भरपाईसाठी पाच वर्षांत. मंडळाच्या उत्तराची वाट पाहत बसलेल्याचे हे सहा महिने सहज निघून जातात.

१ एप्रिल २०२४ पासून पर्यावरण संरक्षण कायद्यातल्या बहुतेक उल्लंघनांसाठी तुरुंगाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांचा दंड आहे. तो न्यायालय नव्हे, सरकारी अधिकारी ठरवतो. त्याच्याकडे कोणीही व्यक्ती ठरावीक नमुन्यात तक्रार करू शकते. ऑनलाइन, स्पीड पोस्टने किंवा हातोहात. वाट सोपी झाली हे खरं, पण १९८६ मध्ये मिळालेला न्यायालयाचा दरवाजा त्याच वेळी अरुंद झाला.